तिथीची पाऊणकी: सातवीच्या गणिताच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, 16 जून 2025

शाळा आज उघडली. सातवीच्या वर्गात या वर्षी 19 मुले आहेत. आमचे गाव वाघोटन खाडीच्या काठावर आहे. निम्मी मुले खालच्या बंदरवाडीतून येतात आणि निम्मी वरच्या सड्यावरच्या, आंबा-काजूच्या बागांमधल्या वाड्यांतून. गेल्या वर्षी याच मुलांना सहावीत गणित शिकवताना एक गोष्ट मला सतत खटकत होती. वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवले की सगळ्यांना समजल्यासारखे वाटे, घरी दिलेली वीस उदाहरणे दुसऱ्या दिवशी बहुतेकांची पूर्ण होऊन येत, आणि तरीही आठवड्याने तोच अपूर्णांक पुढे ठेवला की मुले गोंधळून जात. सराव भरपूर होत होता, पण तो नेमका कशाचा होत होता याचा शोध मी घेतला नव्हता. या वर्षी तो घ्यायचा, आणि त्याच्या नोंदी तारखेनिशी ठेवायच्या असे ठरवले आहे. नोंदींत मुलांची नावे लिहिणार नाही, हजेरी क्रमांक लिहीन.

गुरुवार, 19 जून

दहा प्रश्नांची चाचणी घेतली, गुण न देता. तीन प्रश्नांचे निकाल येथे उतरवते, कारण पुढचे सगळे काम त्यांच्याभोवती फिरणार आहे.

अर्धा अधिक एक तृतीयांश किती, या प्रश्नाला 11 मुलांनी ‘दोन पंचमांश’ असे उत्तर लिहिले. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. दोन पंचमांश ही संख्या मुळातल्या अर्ध्यापेक्षाही लहान आहे, हे त्यांपैकी एकाच्याही लक्षात आले नाही. 0.35 आणि 0.4 यांतील मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला 12 मुलांनी 0.35 लिहिले, कारण 35 हे 4 पेक्षा मोठे. तिसरा प्रश्न ‘40 चे तीन चतुर्थांश किती’ असा होता आणि तो फक्त 6 जणांना आला. तास संपता संपता मी सहज विचारले, “साखर 40 रुपये किलो असेल, तर पाऊण किलोचे किती?” जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “तीस!”

म्हणजे तीन चतुर्थांश त्यांना येत होते, फक्त ते आपल्याला येतात हे त्यांना ठाऊक नव्हते.

या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुले पहिलीत होती. दुसरीचे वर्ष आणि तिसरीचा मोठा भाग त्यांनी घरी बसून काढला. खाडीकाठी मोबाइलला रेंज कुठे मिळे, कुठे नाही. वर्गात सगळ्यांनी मिळून मोठ्याने पाढे म्हणण्याचे जे वय असते, ते त्यांचे तसेच निघून गेले. चुकलेल्या उत्तरांकडे पाहताना हे विसरून चालणार नाही.

शुक्रवार, 27 जून

कामाची पद्धत ठरवली. घरी वीसऐवजी चारच उदाहरणे द्यायची. त्यांच्या जोडीला एक ‘घरचा प्रश्न’ असेल: घरात, बाजारात, बागेत किंवा होडीवर मोठी माणसे हिशेब कसा करतात ते विचारून त्यांच्याच शब्दांत वहीत लिहायचे. दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटे “कसे केलेस?” या एकाच प्रश्नाला द्यायची, आणि तो बरोबर उत्तर लिहिणाऱ्यालाही विचारायचा.

यासाठी हंगाम सोयीचा आहे. 1 जून ते 31 जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते. बंदरवाडीतली माणसे घरी आहेत, जाळी दुरुस्त करीत बसलेली असतात, आणि त्यांना विचारायला मुलांना हक्काचा वेळ मिळतो.

पहिला घरचा प्रश्न असा: धान्य मोजायची जुनी मापे घरात कोणती आहेत आणि एकातून दुसरे कसे होते?

शुक्रवार, 4 जुलै

मापांच्या प्रश्नाने अपेक्षेपेक्षा बरेच अधिक दिले. दोन मुलांच्या घरी पितळी मापटे अजून फडताळात आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अडशेरी, दोन अडशेऱ्या म्हणजे एक पायली. सगळी उतरंड दुपटीची आहे. क्रमांक 4 हिने फळ्यावर खालून वर लिहीत नेले आणि पायलीत सोळा चिपटी बसतात हे काढले. घातांकाचे प्रकरण बरेच पुढे आहे, तरी दोनचा चौथा घात मी तेथेच दाखवून टाकला.

मला मात्र यातून वेगळेच काही दिसले. आपल्या व्यवहारातल्या मापांत सगळे अर्धे, अर्ध्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे असे आहे. आपली भाषाही त्याच वळणाची: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. साडेतीनला तर ‘औट’ असा स्वतंत्र शब्द आहे. तृतीयांशाला असा घरचा शब्दच नाही. पाव आणि अर्धा मुलांच्या कानावर जन्मापासून पडत आले आहेत. एक तृतीयांश त्यांना पहिल्यांदा भेटतो तो पुस्तकात, आडव्या रेघेच्या वर-खाली दोन अंक होऊन. अर्धा अधिक पाव विचारले तर ‘पाऊण’ हे उत्तर 17 मुलांनी तोंडी दिले. अर्धा अधिक एक तृतीयांश विचारताच तीच मुले अंश आणि छेद वेगवेगळे मिळवू लागतात. चुकीचे मूळ आळसात नाही, या अपूर्णांकाची घरात ओळखच झालेली नसते.

शुक्रवार, 11 जुलै

आज माझ्याकडून चूक झाली आणि ती सविस्तर लिहून ठेवायला हवी.

या आठवड्याचा घरचा प्रश्न होता, ‘घरातल्या वयस्कर माणसांना शाळेतला कोणता पाढा अजून पाठ आहे?’ बहुतेकांनी एकोणतीस, तीस असे लिहून आणले. क्रमांक 9 हिच्या आजोबांनी ‘पाऊणकी’ म्हणून दाखवली होती. पूर्वी शाळेत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. आजोबांचा जन्म खलाशाच्या घरातला. त्यांनी नातीला वर आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिने ती जशीच्या तशी लिहून आणली: “तिथीची पाऊणकी कर गो बाय, भरतीची वेळ गावता.”

रीत अशी आहे: ज्या दिवशी जी तिथी असेल, तिला पाऊणने गुणायचे. जे येईल ती त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊण सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि नंतर पुन्हा भरती. कोकण किनाऱ्यावर ही रीत जुन्या माणसांना सर्वत्र ठाऊक आहे. मीही ती लहानपणी ऐकली होती आणि पार विसरले होते.

क्रमांक 9 हिने पंचमीचे उदाहरण स्वतः करून आणले. तिने लिहिले: 5 गुणिले 0.75 बरोबर 3.75, म्हणजे 3 वाजून 75 मिनिटे, म्हणजे सव्वाचार. मी घाईत त्यावर लाल फुली मारली आणि बाजूला ‘पावणेचार’ असे लिहिले. ती जागेवर गेली, वही पाहिली, परत आली आणि म्हणाली, “बाई, आजोबापण पावणेचारच म्हणाले. पण 75 मिनिटे म्हणजे एक तास पंधरा मिनिटे ना? मग माझे कुठे चुकले?”

तिच्या वहीत 75 मिनिटांचा सव्वा तास अगदी बिनचूक केलेला होता. घोटाळा त्याच्या आधीच्या पायरीत होता. दशांश चिन्हानंतरचे 75 म्हणजे शंभरातले 75 आणि तासाची मिनिटे साठ, हा फरक तिला कोणी कधी दाखवलाच नव्हता, आणि मी तर तो न दाखवताच फुली मारून मोकळी झाले होते. वर्गाला विचारले तेव्हा 0.75 तास म्हणजे 75 मिनिटे असे मानणारे आणखी दहा निघाले. फुली खोडून मी तिच्या वहीत लिहिले, ‘प्रश्न योग्य आहे, सोमवारी सगळे मिळून पाहू.’ यापुढे लाल पेन तपासणीला घ्यायचे नाही, असे ठरवले.

सोमवार, 14 जुलै

तासपट्टी तयार केली. जुन्या कॅलेंडरची पाने कापून व जोडून प्रत्येकाने 60 सेंटीमीटर लांबीची कागदी पट्टी बनवली. एक सेंटीमीटर म्हणजे एक मिनिट, सबंध पट्टी म्हणजे एक तास. पट्टी मध्यावर दुमडली की अर्धा तास, पुन्हा दुमडली की पाव. प्रत्येक घडीवर तीन गोष्टी एकाखाली एक लिहायच्या: शब्द, अपूर्णांक आणि दशांश. पाऊणच्या घडीवर ‘पाऊण’, ‘3/4’, ‘0.75’ असे आले आणि त्याच घडीखाली मोजपट्टीचे 45 दिसत होते. क्रमांक 9 हिने त्या घडीवर बोट ठेवून दोनदा मोजले. मग आपल्या वहीतल्या 3.75 खाली तिने स्वतः लिहिले: ‘0.75 ला 60 ने गुणायचे, मग मिनिटे मिळतात.’ तो नियम मी सांगितलेला नव्हता.

नंतर त्याच पट्टीचे तीन सारखे भाग करायला सांगितले. तीन भागांची घडी घालणे कठीण असते. मुलांनी कागद मागे-पुढे सरकवून पाहिला, अखेर 20 आणि 40 वर घड्या आल्या. तृतीयांश त्यांच्या ओळखीच्या जागी येऊन बसला: वीस मिनिटे. मग अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे तीस अधिक वीस, पन्नास मिनिटे, साठातले पन्नास, म्हणजे पाच षष्ठांश. दोन पंचमांशाचे उत्तर पट्टीवर 24 मिनिटांवर येते आणि 24 हे 30 च्याही मागे आहे, हे क्रमांक 16 याने न विचारता दाखवून दिले. लसावि काढून समच्छेद करण्याची रीत मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. या वेळी ती फळ्यावरची नवी रीत उरली नव्हती. हातात असलेल्या पट्टीचाच लेखी हिशेब झाली होती.

0.35 आणि 0.4 यांचाही निकाल पट्टीवर लागला: एकवीस मिनिटे आणि चोवीस मिनिटे.

गुरुवार, 24 जुलै

आज दीप अमावास्या. तासाच्या आरंभी पाऊणकी सगळ्यांनी मिळून म्हटली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, असे करीत पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत. म्हणता म्हणता लक्षात आले की या पाढ्याची सगळी उत्तरे घड्याळाच्याच भाषेत आहेत. पावणेचार, साडेचार, सव्वापाच हे शब्द संख्याही सांगतात आणि वेळही. खलाशाला गुणाकार करून पुन्हा तासांची मिनिटे करावी लागत नव्हती. पाढा तोंडावर आला की वेळ हातात येई.

पाठांतराबद्दल माझे मत पूर्वी फारसे अनुकूल नव्हते. आता वाटते की पाठ केलेल्या गोष्टीला रोज कोठे तरी काम असेल, तर ती ओझे होत नाही.

सोमवार, 11 ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि घरचे प्रश्न विचारायला माणसे मिळेनाशी झाली. म्हणून घरचा प्रश्न बाजाराकडे वळवला. क्रमांक 11 याची आई मासे विकते. पालकांच्या मागच्या बैठकीत ती मला म्हणाली होती की तिला मुलाचा अभ्यास घेता येत नाही, कारण तिला ‘शाळेचे गणित’ येत नाही. मुलाने तिचा हिशेब लिहून आणला आहे. कोळंबी 320 रुपये किलो, गिऱ्हाइकाला पाऊण किलो हवी. ती म्हणाली, “अर्ध्याचे एकशे साठ, पावाचे ऐंशी, झाले दोनशे चाळीस.” मुलाने शेजारी वर्गातली रीत लिहिली: 320 गुणिले 3, भागिले 4. उत्तर तेच.

मी दोन्ही रीती फळ्यावर समोरासमोर लिहिल्या आणि आईच्या रीतीत गणिताचा कोणता नियम वापरला आहे ते विचारले. बराच वेळ शांतता होती. मग क्रमांक 4 म्हणाली, “बाई, कंस सोडवल्यासारखे आहे.” तेच. पाऊण म्हणजे अर्धा अधिक पाव, आणि 320 ने दोघांना वेगवेगळे गुणून मिळवायचे. पुढे बैजिक राशींच्या गुणाकारात हाच वितरणाचा नियम येणार आहे. क्रमांक 11 याला मी सांगितले की तुझी आई हा नियम रोज वापरते, हे घरी जाऊन तिला सांग.

शुक्रवार, 22 ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीपूर्वी पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी उरकली. धक्क्याच्या पायऱ्यांचा उपयोग झाला: एक पायरी शून्य धरली, वरच्या धन, खालच्या ऋण. पाणी अधिक तीनवरून उणे चारवर गेले तर किती पायऱ्या उतरले, हे कोणालाच अवघड गेले नाही. या भागावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मंगळवार, 14 ऑक्टोबर

सहामाही परीक्षेमुळे नोंदींत खंड पडला. दिवाळीच्या सुट्टीसाठी उदाहरणांचा गठ्ठा न देता दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची संख्या दिली. कापरेकरांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूला झाला. निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले आणि तेथूनच संख्यांवर संशोधन केले. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे असलेली नको. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची, आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. फार तर सात वेळांत 6174 येते आणि पुढे तेच येत राहते.

फळ्यावर चालू वर्ष घेतले. 5220 वजा 0225, 4995. मग 5355, 1998, 8082, 8532 आणि सहाव्या वजाबाकीला 6174. हातचे घेऊन करायच्या वजाबाकीचा सराव यात इतका होतो की वेगळी उदाहरणे देण्याची गरज राहत नाही. घरच्यांनाही करायला द्या, असे सांगितले आहे.

सोमवार, 10 नोव्हेंबर

सुट्टीत 16 मुलांनी कापरेकरांच्या वजाबाक्या केल्या. क्रमांक 2 याच्याकडे तर बावीस संख्यांची वही आहे आणि त्यात चार हस्ताक्षरे आहेत.

समप्रमाणाचे प्रकरण सुरू झाले. तिथी आणि भरतीची वेळ हे उदाहरण मी राखून ठेवले होते. आलेख कागदावर आडव्या अक्षावर तिथी, उभ्या अक्षावर बारा वाजल्यापासूनचे तास, आणि पाऊणकीचे पंधरा बिंदू. बिंदू एका रेषेत आले, रेषा शून्यातून गेली. खाडीचे पाणी खरोखरच या रेषेवर चालते का, असा प्रश्न वर्गातून आला. मार्गशीर्ष शुद्ध पंधरवड्यात जाऊन पाहायचे ठरवले.

सोमवार, 24 नोव्हेंबर

विनायक चतुर्थी. पाऊणकीप्रमाणे भरती तीन वाजता. शनिवारी चाचणीसाठी रोवलेली खुणांची काठी एका होडीच्या लाटांनी आडवी केली होती, म्हणून आज धक्क्याच्या खांबावरच दर पाच सेंटीमीटरला खडूने रेघा मारल्या. दोन पालक सोबत होते आणि मुले कठड्याच्या आतच उभी होती.

पूर्ण भरतीचा क्षण डोळ्यांनी सापडत नाही. पाणी वर येता येता मंद होते आणि बराच वेळ एकाच रेघेशी खेळत राहते. तिघांनी तीन वेळा सांगितल्या आणि वाद झाला. तेव्हा क्रमांक 16 याच्याबरोबर बोलता बोलता एक युक्ती निघाली: पाणी चढताना एका रेघेला कधी लागले ते लिहायचे, उतरताना त्याच रेघेला कधी आले ते लिहायचे आणि दोहोंचा मध्य काढायचा. चढताना 1 वाजून 45 मिनिटे, उतरताना 2 वाजून 35 मिनिटे. मध्य 2 वाजून 10 मिनिटे. खालच्या दुसऱ्या रेघेवरूनही मध्य जवळपास तोच आला, तेव्हा वाद मिटला.

म्हणजे पाऊणकीच्या वेळेआधी पन्नास मिनिटे भरती झाली.

बुधवार, 26 नोव्हेंबर

चंपाषष्ठी. पाऊणकीने साडेचार. खांबावर मध्य निघाला 3 वाजून 35 मिनिटे. फरक पंचावन्न मिनिटांचा. क्रमांक 9 परतीच्या वाटेवर गप्प होती. आजोबांची रीत चुकली, असे तिला वाटत असावे. मी तिला म्हटले की अजून पंधरवडा पुरा व्हायचा आहे.

गुरुवार, 4 डिसेंबर

दत्तजयंती, पौर्णिमा. पाऊणकीने सव्वाअकरा. चढताना 10 वाजून 40, उतरताना 11 वाजून 30, मध्य 11 वाजून 5. फरक फक्त दहा मिनिटांचा.

चतुर्थीला आणि षष्ठीला जवळजवळ तासाचा फरक आणि पौर्णिमेला जवळजवळ काहीच नाही, याचे कारण काय असेल, हा उद्यासाठी घरचा प्रश्न दिला. याचे उत्तर घरी कोणाला विचारून मिळेलच असे नाही, हेही सांगितले.

शुक्रवार, 5 डिसेंबर

क्रमांक 14 वर्षभरात स्वतःहून क्वचितच बोलला आहे. आज त्याने वही उघडून विचारले, “बाई, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज भरती पाऊण तास उशिरा येते, मग त्या एकाच दिवशी एकदम दीड तास उशिरा कशी येईल?”

मी खडू ठेवला. हा प्रश्न मला सुचला नव्हता. आलेखावर आम्ही पंधरावर थांबलो होतो. पंधरानंतर रेषा पुन्हा एकपासून सुरू होते, आणि त्या सांध्यात पाऊण तासाची फट आहे, हे कोणी पाहिलेच नव्हते.

उरलेला तास त्यावर गेला. भरती दिवसातून दोनदा येते. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत दुपारची भरती सरकत सरकत मध्यरात्रीवर जाते आणि रात्रीची भरती दुपारच्या जागी येते. म्हणजे पंधरा तिथींत बारा तासांची फेरी पुरी व्हायला हवी. मुलांनी भागाकार केला: 12 भागिले 15, चार पंचमांश तास, 0.8 तास, आणि तासपट्टीवर 48 मिनिटे. पाऊणकी धरते 45. प्रत्येक तिथीला तीन मिनिटे कमी पडतात, पंधरा तिथींत पंचेचाळीस मिनिटे, आणि क्रमांक 14 याच्या वहीतली फट नेमकी तेवढीच होती. हे जुळले तेव्हा वर्गात जो आवाज झाला, त्यामुळे शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून पाहिले.

मग आम्ही पौर्णिमेची सव्वाअकराची वेळ पक्की धरून पुढे 48 मिनिटांनी मोजत गेलो. असे केले तर प्रतिपदेला पाऊणकी 42 मिनिटे पुढे असते, चतुर्थीला 33, षष्ठीला 27, आणि पौर्णिमेला फरक शून्यावर येतो. आम्ही मोजलेला पौर्णिमेचा फरक याच्याशी जमतो. चतुर्थीचा आणि षष्ठीचा फरक मात्र यापेक्षा मोठा आहे. त्याचे कारण मी सांगितले: 48 मिनिटे ही सरासरी आहे. उधाणाच्या, म्हणजे पुनव-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या, आसपास भरतीचा रोजचा उशीर सरासरीपेक्षा कमी असतो आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, आसपास जास्त. खाडीचे पाणी आलेखावरच्या रेषेच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे असते, आणि पंधरवड्याच्या अखेरीस पुन्हा तिच्यापाशी येते. सरासरी हा शब्द मुलांनी पूर्वीही ऐकला असेल, पण सरासरीपासून दूर गेलेले पाणी त्यांनी या आठवड्यात प्रथम खांबावर पाहिले.

पूर्वजांनी 48 सोडून 45 का धरले असावे, असे क्रमांक 4 हिने विचारले. मला वाटते, पाऊणचा पाढा तोंडपाठ असतो आणि चार पंचमांशाचा नसतो. होडी धक्क्याला लावायला अर्ध्या तासाचा अंदाज पुरतो, आणि त्यासाठी पाऊणकीइतके हाताशी असलेले दुसरे काही नव्हते.

सोमवार, 8 डिसेंबर

क्रमांक 9 हिने शनिवारी आजोबांना सगळे सांगितले. आजोबा म्हणाले की पुनवेनंतर दीड तास कोणी थांबत नाही. पुनव-अमावास्येनंतरचे चार-पाच दिवस पाणी पाढ्याच्या आधीच भरते, म्हणून होडी लवकर काढायची. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि पाढ्यातही नव्हते. तिने त्यांचे म्हणणे वहीत पाऊणकीच्या खाली लिहिले आहे आणि शेजारी आमचे 42, 33 आणि 27 हे आकडे लिहिले आहेत.

शुक्रवार, 12 डिसेंबर

जूनची चाचणी जशीच्या तशी पुन्हा घेतली. 40 चे तीन चतुर्थांश आज 16 जणांना आले. अर्धा अधिक एक तृतीयांश 4 जणांचे अजून चुकते. त्यांपैकी तिघे तासपट्टी दिली की बरोबर करतात, म्हणून त्यांना ती आणखी काही दिवस वापरू देणार आहे. 0.35 हे 0.4 पेक्षा मोठे मानणारी 5 मुले उरली आहेत आणि त्यांच्यासाठी पट्टी पुरेशी पडलेली नाही. त्यांना रुपये-पैशांतून नेऊन पाहायचे आहे: पस्तीस पैसे आणि चाळीस पैसे. पैशांची नाणी मात्र त्यांनी पाहिलेली नाहीत, त्यामुळे दुसरे काही शोधावे लागेल. कदाचित मासळीच्या काट्यावरचे ग्रॅम, 350 आणि 400.

तास संपल्यावर क्रमांक 14 वही घेऊन आला. त्याने अठ्ठेचाळिसाचा पाढा मिनिटांत लिहिला आहे आणि प्रत्येक ओळीपुढे तास काढले आहेत. पाच अठ्ठेचाळीस दोनशे चाळीस, चार तास. दहा अठ्ठेचाळीस चारशे ऐंशी, आठ तास. पंधरा अठ्ठेचाळीस सातशे वीस, बारा तास. मधल्या ओळींत दोन ठिकाणी मिनिटे चुकली आहेत. मी ती दुरुस्त केली नाहीत. कशी केलीस ते सोमवारी सांग, इतकेच म्हटले.